चार पर्यायांचं फूल

संगमेश्वर सर लातूरच्या एका मेडिकल प्रवेशाच्या क्लासमध्ये बॉटनी शिकवायचे. शिरूर अनंतपाळच्या शेतकऱ्याचं पोरगं, पण एमएस्सी झाल्यापासून बांधावरचं गवतही त्यांनी वाकून पाहिलं नव्हतं. गरजच काय? वनस्पती पुस्तकात होत्या आणि पुस्तक तोंडपाठ होतं. "विचार करू नका, उडवा," हा त्यांचा मंत्र. चुकीचे तीन पर्याय उडवले की उरेल ते ज्ञान.

यंदा हैदराबादहून दुसरे बॉटनीवाले येणार अशी कुजबुज होती. मालक वैजनाथराव म्हणाले, "सर, जाहिरातीला व्हिडिओ करू. डोंगरावर पोरांना झाडं वळखून दाखवा. लोकं असलंच बघायलेत हल्ली. जमलं तर ठीक, न्हाई तर बघू."

त्या 'बघू'नं सरांची झोप उडाली.

भाद्रपदात बॅच बालाघाटच्या डोंगरावर गेली; कॅमेरावाल्याला घेऊन वैजनाथरावही आले. सर कडक इस्त्रीत, पायात पांढरे बूट. चढावर एका काटेरी झुडपावर वेल चढली होती. फुलाच्या पाकळ्या उलट्या, वर वळलेल्या. बुडाशी पिवळ्या, शेंड्याला लालभडक, चुलीतल्या जाळासारख्या.

"सर, हे कोणतं?" देगलूरच्या समीक्षानं विचारलं. कॅमेरा चालूच होता.

सरांनी फूल खालून पाहिलं, वरून पाहिलं. फुलाखाली काहीच छापलेलं नव्हतं. सवयीनं तोंडातून गेलं, "ऑप्शन सांग."

पोरं फिदीफिदी हसली. समीक्षानं बिचारीनं मोबाईलवर फूल शोधून सरांची लाज राखायला पर्याय रचले. "ए जास्वंद, बी धोतरा, सी ग्लोरिओसा, डी ट्यूलिप."

सरांच्या जिवात जीव आला. "जास्वंद कुंडीत असते, उडवा. धोतरा पांढरा, उडवा. उरले दोन, दोन्ही लिलिएसी कुळातले." हे वाक्य ते दरवर्षी पोरांकडून घोकून घेत; त्यातल्या ग्लोरिओसाचं तोंड मात्र आज पहिल्यांदा समोर आलं होतं. "पुस्तकात ट्यूलिप आधी येतं. म्हणून उत्तर डी!"

"सर, मोबाईल ग्लोरिओसा सांगतोय," समीक्षानं स्क्रीन पुढं केली. "म्हणजे आपली कळलावी."

"डॉक्टर मोबाईलला व्हायचंय, का तुला?"

वैजनाथराव मधे पडले. "ट्यूलिपच राहू द्या की. पिक्चरमधलं फूल हाय, पालक वळखतेत. कळलावी बघून कोण अ‍ॅडमिशन घेतंय?"

व्हिडिओ गाजला. हैदराबादचे कुणी आले नाहीत. सरांची खुर्ची पक्की झाली. फक्त समीक्षाची नजर तेवढी खुपत राहिली.

पुढच्या रविवारच्या टेस्टमध्ये तेच फूल आलं, फोटोसकट. खाली तेच चार पर्याय. उत्तर ठरलेलं: डी. समीक्षाचं पेन 'सी'वर थांबलं. चुकलं तर मार्क कापले जाणार होते. तिनं मुकाट्यानं 'डी'चा गोल काळा केला.

निकालाच्या दिवशी सरांनी वर्गासमोर तिची पाठ थोपटली. "बघ! डोळ्यांवर नाही, पर्यायांवर विश्वास ठेवायचा."

"हाव सर," समीक्षा म्हणाली.