बाबांची खळ्यातली खुर्ची
खुब्याच्या ऑपरेशननंतर बाबा घरी येणार होते, आणि घरापुढच्या खळ्यातली त्यांची सागवानी खुर्ची पावसाळाभर भिजून बुरशीने काळी पडली होती.

भाऊ म्हणाला, “टाकून दे ती. मी प्लास्टिकची आणतो.”

“प्लास्टिकच्या खुर्चीवर भार देऊन बाबा उठणार कसे?” मी म्हटलं.

नाकाला रुमाल बांधून मी आधी कोरड्या ब्रशने बुरशी झाडली, मग व्हिनेगरच्या पाण्याने खुर्ची घासली. सांध्यांतले डाग निघेनात, ते जुन्या टूथब्रशने काढले. ऊन सरकेल तशी खुर्चीही सरकवत राहिले.

बाबा आले, तिच्यात बसले. थोड्या वेळाने दोन्ही हातांवर जोर देऊन उठले. मी पुढे केलेला हात त्यांनी बाजूला सारला. मला फार बरं वाटलं.