नानांचा मोकळा सेकंद

नाना गेल्याचा फोन शिंदखेड्याहून आला, तेव्हा मी रावेरजवळच्या आमच्या केळी पिकवण्याच्या कारखान्यात कंट्रोल पॅनेलसमोर उभा होतो. "दादा, नाना गेलेत सकाळी," त्यांची मुलगी शांतपणे म्हणाली. पडद्यावर बाराही खोल्यांच्या तापमानाच्या रेषा सरळ चालल्या होत्या. या गोष्टीला दीड महिना झाला, तरी त्या सरळ रेषा पाहिल्या की मी ओशाळतो.

दीपनगरच्या वीजकेंद्रात उपकरणं दुरुस्त करण्यात उभी हयात घालवून नाना निवृत्त झाले आणि आमच्याकडे देखरेखीला आले. पाइपला तळहात लावून आत पाणी किती चाललंय ते सांगत आणि सहसा चुकत नसत. पडद्यापाशी मात्र हात मागे बांधून उभे राहत, देवळात उभं राहावं तसे. मी नवा होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. पिकताना केळी आतून तापतात. कोणत्या खोलीला थंड पाणी किती द्यायचं, हे सतत ठरवणाऱ्या हिशेबाला आम्ही पीआयडी लूप म्हणतो. मी एका खोलीचा लूप बसवला आणि तोच बारा वेळा उतरवून काढला. बाराही एकाच क्षणी चालत. नाना मागून त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "बठ्ठ्या खोल्या एकदमच कसाले उठाडस, भाऊ? एक एक उठाड. आनि शेवटे जराक दम खाऊ दे पानीले."

"नाना, सगळ्या खोल्या एकेक करून उठवायला हे तुमच्या काळातलं नाही," मी म्हणालो. ते नुसतं हसले.

तिसऱ्या दिवशी सगळ्या खोल्या भरल्या. बारा व्हॉल्व्ह एकदम उघडले, पाण्याचा दाब उतरला, थंडावा पुरेना म्हणून ते आणखी उघडले... आणि मग खोल्या एकदम गारठल्या. चार नंबरमधल्या केळ्यांची सालं राखाडी पडली, सगळा माल वाया गेला. आमचे मालक आबा आले. "प्रोग्राम कोणी लिहिला?" मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "आमी दोन्हीसनी, आबा." मला नोकरी जाण्याची भीती होती, म्हणून गप्प राहिलो. भीती पुढे गेली, पण मी गप्पच राहिलो. पुढच्या दोन दिवसांत नानांनी उरलेल्या खोल्यांचे व्हॉल्व्ह हाताने सांभाळले आणि मी प्रोग्राम बदलला: प्रत्येक खोलीला स्वतःचा एक सेकंद, आणि तेरावा सेकंद मोकळा, पाण्याला दम खायला. मी नानांची माफी मात्र मागितली नाही, रोज उद्यावर ढकलत राहिलो.

गेल्या आठवड्यात तेरावी खोली तयार झाली. आबा म्हणाले, "तो तेरावा सेकंद रिकामाच आहे ना, तिथे बसवून टाक."

"तो नानांचा आहे," मी म्हणालो, आणि मग सगळंच सांगून टाकलं. तो प्रोग्राम माझ्या एकट्याचा होता, नानांनी आधी बजावलं होतं.

"मला तेव्हाच कळलं होतं," आबा म्हणाले. "नाना पडद्याला कधी हात तरी लावायचे का? मी विचारलं, तर म्हणाले, त्याला स्वतः सांगू द्या, तो सांगेल."

तेराव्या सेकंदात नवी खोली बसवली. फेरी आता चौदा सेकंदांची आहे, आणि चौदावा मोकळा आहे.