अंगण वाकडंच होतं

शेजाऱ्यांच्या फाटकाच्या खांबाला चष्मेकाकूंची गाडी घासली आणि त्याच संध्याकाळी घरात काकूंचं वय झालं. सकाळीही त्या सदुसष्ट वर्षांच्याच होत्या, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. खांबाला निळा रंग लागला आणि सगळ्यांना एकदम त्यांचा डावा हात दिसायला लागला. तो थोडा थरथरतो, हे खरं आहे. काकूंनी ते कधी नाकारलं नाही.

बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांनी बत्तीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलं. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, तिळाएवढे स्क्रू आवळायचे. त्यांच्या यजमानांनी जन्मात एक चष्मा विकला नाही, ते ड्राफ्ट्समन होते, तरी लोक त्यांना चष्मेकाकाच म्हणत. दुकानाचा एक नियम होता. गिऱ्हाईक ‘दिसत नाही’ म्हणालं की आधी काच पुसायची, मग डोळा तपासायचा. चष्मा तिरका बसत असेल तर नाकाला नावं ठेवायची नाहीत, आधी फ्रेमची दांडी बघायची. या नियमामुळे कितीतरी गिऱ्हाइकं फुकटात बरी होऊन जात, आणि धंदा बुडवायची ही नामी युक्ती आहे असं काका म्हणत.

गाडी काकूंनी शेहेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या कमाईतून घेतली, जुनी. पहिल्यांदा बंद पडली तेव्हा गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं आणि दोष काय आहे ते काकूंच्या डोक्यावरून काकांना समजावून सांगितलं. काकांना पंक्चर कळायचं, ते सुद्धा टायर पूर्ण बसल्यावर. ते आपले मान डोलवत राहिले. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून ऑइल, प्लग, ब्रेकचे पॅड सगळं त्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतः करू लागल्या. आधी चुकत करायच्या, मग न चुकता.

आता दुकान नाही. पण आठवड्यातून तीन दिवस काकू काचांची जड पेटी गाडीत टाकून अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जातात, डोळे तपासतात, चष्मा बनवून देतात. पडून असलेल्या माणसाला निदान वरचं छत तरी स्वच्छ दिसावं, असं त्यांचं म्हणणं. ती पेटी घेऊन बसमध्ये चढणं जमण्यासारखं नाही. गाडी गेली तर हे कामही गेलं, आणि काकूंच्या मते मग उरलेल्या दिवसांत करायचं काय, तर भिंतीवरचं घड्याळ बघायचं.

महिनाभर गाडी विचित्र वागत होती. सरळ रस्त्यावर डावीकडे सरकायची, सावरलं की उजवीकडे. खड्ड्यातून गेली की खालून ‘टक्’ व्हायचं. काकूंनी घरी सांगून पाहिलं. मुलगा विमा कंपनीत, त्याच्याकडे म्हाताऱ्या ड्रायव्हरांच्या अपघातांचे तक्ते तोंडपाठ. तो हसत म्हणाला, “आई, नाचता येईना अंगण वाकडं.” खांब घासल्यावर तो हसायचाही बंद झाला. त्याने खुंटीवरची किल्ली उचलून खिशात टाकली आणि रविवारी संध्याकाळी पाचला एक गिऱ्हाईक ठरवलं. गाडी आईची, गिऱ्हाईक मुलाचं! काकांनी तेवढ्यात सल्ला दिला की आता उगाच हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस, तो म्हणतो ते ऐक.

काकू भांडल्या, पण मनातून घाबरल्याही होत्या. मोरीचं दार लावून त्यांनी डाव्या हातात पाण्याने भरलेला पेला धरला आणि बघत राहिल्या. पाणी हललं. खांब हातानेच घासला असेल तर? हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नाही. मग त्यांना स्वतःचाच नियम आठवला आणि त्यांनी पेला ओतून टाकला.

रविवारी सकाळी त्यांनी गाडीचा हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना विटा लावल्या, पुढचं उजवं चाक जॅकवर उचललं आणि खाली लोखंडी घोडी सरकवली. चाक वर-खाली धरून हलवलं. गप्प. म्हणजे बेअरिंग शाबूत. मग डावी-उजवीकडे धरून हलवलं. टक्. पुन्हा हलवलं, पुन्हा टक्. काकू तिथेच जमिनीवर बसल्या. हा आवाज त्यांच्या हाताचा नव्हता.

पण नुसत्या आवाजावर निकाल द्यायच्या त्या नव्हेत. स्टिअरिंगपासून चाकापर्यंत एक दांडी जाते, तिला टायरॉड म्हणतात. तिच्या टोकाला खुब्यासारखा सांधा असतो. दोष त्या सांध्यात आहे की आणखी आत, हे कळायला एकाने स्टिअरिंग हलवायचं आणि दुसऱ्याने सांध्यावर हात ठेवायचा. आणि किल्लीशिवाय स्टिअरिंग कुलूपबंद. काकूंनी चाक पुन्हा जमिनीवर टेकवलं, कारण भार पडल्याशिवाय सांधा खरं बोलत नाही, आणि मुलाला हाक मारली. किल्ली घेऊन ये म्हणाल्या.

तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, मागोमाग काका. काकूंनी त्याला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं आणि स्वतः चाकाशेजारी आडव्या झाल्या. स्टिअरिंग चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे, पाळणा हलवल्यासारखं, असं त्यांनी बजावलं. चाकामागे हात घातला. सांध्याचं रबर फाटलेलं होतं, ग्रीस वाळून दगड झालेलं. दांडी हलत होती, सांधा जागच्या जागी उडी मारत होता, आणि चाक मागाहून, आपल्या सवडीने वळत होतं. काकूंनी दोन वेळा खात्री केली. मग उठून साडीची धूळ झटकली.

“आता तू झोप इथे,” त्या मुलाला म्हणाल्या.

त्याने शर्टाकडे पाहिलं, मग आईकडे, आणि निमूट वर्तमानपत्र अंथरून आडवा झाला. काकूंनी स्टिअरिंग हलवलं. हाताला लागतंय का, विचारलं. लागतंय, तो म्हणाला. पण तो उठला नाही.

“आई,” तो आडवा असतानाच म्हणाला, “मागच्या महिन्यात मी गाडी नेली होती ना, तेव्हाही ती डावीकडे जात होती. मला वाटलं, रस्ता खराब आहे.”

काकूंनी काकांकडे पाहिलं. त्या दिवशी काका त्याच्या शेजारी बसले होते. काकांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. तो चष्मा काकूंनीच बनवलेला, मुलाच्या नाकावरचाही.

“तुझ्या हातात वाकडी गेली तेव्हा रस्ता खराब,” काकू म्हणाल्या. “माझ्या हातात गेली तेव्हा माझं वय खराब. आणि तुम्हा दोघांना महिनाभर हे माहीत होतं.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती गोष्ट अशी. इथे तर चोर ओळखीचाही होता. मुलगा पुटपुटला की माहीत होतं असं नाही, डोक्यातच आलं नाही. ते खरंच असावं, आणि काकूंना त्याचाच जास्त राग आला. मुद्दाम खोटं बोललेल्या माणसाशी भांडता येतं. ज्याच्या डोक्यातच येत नाही त्याच्याशी काय भांडणार?

तो गॅरेजमधून माणूस बोलावतो म्हणाला. काकूंनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. काकांना चिठ्ठी देऊन स्पेअर पार्टच्या दुकानात पिटाळलं. चिठ्ठीवर ‘उजवा’ हा शब्द दोनदा लिहिला, कारण काकांचा भरवसा नव्हता. गाडी पुन्हा घोडीवर चढली, चाक निघालं. नट अडवून धरणारी पिन काढली, नट सोडवला, पण सांधा जागचा हलेना. अशा वेळी सांध्यावर मारायचं नसतं, तो ज्या भोकात अडकलेला असतो त्याच्या कडेवर हातोडा मारायचा. काकूंनी मारला. पाचव्या घावाला सांधा निसटला. त्यातले निदान तीन घाव गाडीसाठी नव्हते.

मग त्यांनी तो दांडीवरून फिरवून काढायला घेतला, मोठ्याने फेरे मोजत. जेवढे फेरे काढू तेवढेच नव्याला द्यायचे, नाहीतर चाकाचं तोंड भलतीकडे होतं. अकराव्या फेऱ्याला मुलगा माफी मागायला लागला. काकूंनी हात वर करून त्याला थांबवलं. माफी नंतर मागता येते, मोजणी चुकली की चुकली. एकोणीस फेरे झाले. नवा सांधा एकोणीस फेऱ्यांवर बसला, नट आवळला, नवी पिन घालून टोकं दुमडली. मग दोरी ताणून चाकं तपासली. ती ठीक दिसत होती, तरी उद्या हळूहळू नेऊन मशीनवर अलाइनमेंट करून घ्यायची असं काकूंनी ठरवलं. फुशारकी वेगळी आणि मोजमाप वेगळं, हे त्यांना कळत होतं.

हात धुऊन त्या गाडीत बसल्या. मुलगा न विचारता शेजारी येऊन बसला. कारखान्याच्या लांब भिंतीकडेचा रस्ता रिकामा होता. गाडी रुळावर असल्यासारखी गेली. खड्डा आला, गेला, खालून काही आवाज नाही. मुलाची नजर समोर नव्हती. तो काकूंच्या डाव्या हाताकडे बघत होता.

“बघ, नीट बघ,” काकू म्हणाल्या. “थरथरतोय. उद्या जास्त थरथरेल. माझ्याच्याने होत नाही असं ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी मी किल्ली आपणहून ठेवीन, तुझ्या तक्त्याची वाट बघणार नाही. तोपर्यंत काही बिघडलं तर आधी चाक हलवून बघायचं, मग मला.”

तो हो म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पाचचं गिऱ्हाईक लवकर निघालं होतं. मुलगा त्याला म्हणाला, “सॉरी, आम्ही विचार बदललाय.”

काकूंनी गाडी कडेला घेतली, थांबवली आणि त्याच्याकडून फोन मागून घेतला.

“विचार कुणी बदललेला नाही,” त्यांनी त्या माणसाला सांगितलं. “गाडी माझी आहे. मी ती विकायला काढलीच नव्हती.”

फोन परत देताना हात थरथरला. काकूंनी तो लपवला नाही. आरशात मागे बघितलं, इंडिकेटर दिला आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.