बयोची शाखा

"नाव कळलं. पुढे?"

कुणीही मराठी माणूस भेटला की काका असं म्हणायचे आणि उजवा हात पुढे करायचे, तळवा वर. 'पुढे' म्हणजे आडनाव. ते सांगितलं की काका क्षणभर डोळे मिटणार आणि मग तुमचं मूळ गाव, तुमचं कुलदैवत, तुमची माणसं कुठला घाट चढून वर आली, हे सगळं तुम्हालाच ऐकवणार. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. पण आमचे काका हे इंग्लंडात, लीड्समधल्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत उभे राहून करायचे आणि मागची चाळीस माणसं शिऱ्यासाठी तिष्ठत असायची.

काका भूलतज्ज्ञ होते. तिथल्या हॉस्पिटलात त्यांची हयात गेली. माणसांना झोपवणं हा त्यांचा धंदा, आणि निवृत्तीनंतर आडनावांचा विषय काढून त्यांनी तो चालू ठेवलाय, असं मंडळातली टवाळ मंडळी म्हणायची. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी नागपूरहून नोकरीसाठी आले ती त्यांच्यापासून तीन घरं सोडून राहायला लागले.

गोऱ्यांचीही सुटका नव्हती. घर गरम ठेवणारा बॉयलर तपासायला आलेल्या फ्लेचर नावाच्या माणसाला काकांनी त्याचे पूर्वज बाण बनवत असत हे इतकं रंगवून सांगितलं की तो बिचारा टूलबॉक्स खाली ठेवून दुसरा चहा प्यायला. बॉयलर तसाच राहिला.

माझ्या बाबतीत मात्र त्यांची पंचाईत झाली. आडनाव ऐकून ते म्हणाले, "वर्धेकडचं गाव. घराणं जुनं असणार."

"घराणं वगैरे काही नाही हो काका," मी म्हटलं. "आजोबांना आडनावच नव्हतं. शाळेत नाव घालताना मास्तरांनी गावाचं नाव लिहून टाकलं."

"असं कसं? आडनाव नसलेला माणूस असतो का?"

"होता की. माझा आजोबा."

मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता, हे कबूल करते. पण दुसऱ्या दिवशी मला ताप आला, तेव्हा मऊभाताचं भांडं टॉवेलात गुंडाळून दारात उभे राहिले तेही तेच. अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

त्यांच्या जेवणाच्या टेबलावर कधी कुणी जेवलेलं मी पाहिलं नाही. तिथे कुलवृत्तांत पसरलेला असायचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: एका घराण्याचा मूळपुरुष धरून त्याच्यापासून आजच्या तान्ह्या बाळापर्यंत सगळी वंशावळ छापायची, त्या ग्रंथाला कुलवृत्तांत म्हणतात. काका आपल्या घराण्याचा वृत्तांत तीस वर्षं रचत होते. त्यांचं आडनाव कोकणातल्या एका गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. आता गावावरून पडलेलं आडनाव गावातले सगळेच लावणार. त्यामुळे जगभरातून पत्रं यायची आणि काका तांदळातले खडे वेचावेत तशी ती वेचायचे. "हे आमचे. हे आमचे नव्हेत." त्यात दुष्टपणा नव्हता. पण वेचलेल्या खड्याला काय वाटत असेल, हे त्यांच्या मनात कधी आलं नाही.

आणि मग एल्सी आली.

काकांचा मुलगा रोहन ग्लासगोला असतो, त्याची बायको फियोना तिथलीच. त्यांना मूल झालं नाही, म्हणून त्यांनी अडीच वर्षांची एक मुलगी दत्तक घेतली. तांबडे केस, नाकावर तांबूस ठिपके. तिला घेऊन ते पहिल्यांदा लीड्सला आले तेव्हा काकांनी तिला पाठीवर घेऊन घोडा घोडा केलं. मी स्वतः पाहिलंय. पण त्याच दुपारी रोहनला कॉम्प्युटरवर वृत्तांतातलं स्वतःचं पान दिसलं. त्याच्या आणि फियोनाच्या नावाखाली लिहिलं होतं, 'अपत्य नाही'.

"बाबा, एल्सी?"

"अरे, वृत्तांताचा नियम असतो. दत्तक घ्यायचं तर भाऊकीतलं. इट्स नथिंग पर्सनल."

रोहनने चहासुद्धा घेतला नाही. मुलीला कारसीटमध्ये बांधलं आणि चार-पाच तासांच्या रस्त्याला लागला. पुढे दीड वर्ष तो आला नाही, फोन नाही. वाढदिवसाला, ख्रिसमसला कार्ड यायचं, फियोनाच्या अक्षरात, खाली एल्सीच्या रंगीत रेघोट्या. काका ती कार्डं ओळीने मांडून ठेवायचे. रोज पुसायचे. पान मात्र तसंच.

"काका, तुम्ही चुकताय," मी एकदा तोंडावर सांगितलं.

"नियम मी केलेला नाही गं."

"मोडायला कुणी मनाई केलीय?"

यावर ते चष्मा पुसत बसले.

वृत्तांत छापायला जायची वेळ आली तेव्हा एक प्रश्न उरला होता. बडोद्याची एक शाखा खरोखर त्यांच्यातली की नाही, याला कागद मिळत नव्हता. काकांनी ठरवलं की जेनेटिक चाचणी करायची, बापाकडून मुलाकडे येणारी खूण तपासायची. पुण्याचे दोन, न्यू जर्सीचा एक, बडोद्याचा एक आणि पाचवे स्वतः. मी ऑनलाइन नोंदणी करून दिली. पोस्टाने नळी आली. तिच्यात रेघेपर्यंत थुंकायचं होतं, आणि हजारो माणसांना बिनघोर झोपवणाऱ्या या डॉक्टरच्या तोंडाला ऐन वेळी कोरड पडली. शेवटी मी घरून आईच्या हातच्या लोणच्याची बरणी आणून त्यांच्या नाकाखाली उघडली. "खायचं नाही हं काका, फक्त वास." नळी मिनिटात भरली.

निकाल माझ्या लॅपटॉपवर आला. बडोदेकर अगदी पक्के भाऊकीतले निघाले. चौघांची खूण एक. पाचव्याची वेगळी.

"लॅबमध्ये नळ्या बदलल्या असणार," काका म्हणाले. मी पुन्हा नळी मागवली, पुन्हा बरणी उघडली. निकाल तोच.

काका हळूच म्हणाले, "म्हणजे मीच आमचा नव्हे."

मला हसावं की रडावं कळेना. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

त्यांची थोरली बहीण, अक्का, पुण्यात. नव्वदीच्या घरात, कानाने अधू. काकांनी फोन स्पीकरवर टाकला आणि ओरडून ओरडून सगळं सांगितलं.

"त्यात काय एवढं?" अक्का म्हणाल्या. "आपले आजोबा बयोनं आणलेले."

"कोण बयो?"

"अरे, आपली पणजी. तिला मूलबाळ नव्हतं. प्लेगाच्या वर्षी माणसं गावाबाहेर झोपड्या बांधून राहिली. शेजारच्या झोपडीतले नवराबायको गेले, पोर रडत होतं. हिनं उचललं."

"कुणाचं होतं? कुठल्या घरातलं?"

"कुणाचं का असेना! ती कधी बोलली नाही, कुणी विचारलं नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू तिकडे विलायतेत. आणि दर पत्रात जगाची आडनावं विचारायचास, घरातलं कधी विचारलंस?"

भाऊकीत बातमी पसरली. न्यू जर्सीच्या भावाचा फोन आला. "लीव्ह इट, दादा. कुणाला कळणारे? चाललंय तसं छापू." सगळ्यांचं मत तेच पडलं. काकांना फक्त गप्प बसायचं होतं. तीस वर्षांचं काम, संपादक म्हणून पहिल्या पानावर नाव, सगळं जागच्या जागी राहिलं असतं.

चार दिवस त्यांनी टेबलाकडे पाहिलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी माझ्या दारात आले. "ग्लासगोचं तिकीट काढून देतेस?"

"रिटर्न?"

"परतीचं नंतर बघू."

पुढचं मला रोहनने सांगितलं. काका दारातच उभे राहिले. म्हणाले, "माझं चुकलं. आधी हे ऐक, मग मला आत घ्यायचं की नाही ते ठरव." तेवढ्यात एल्सी पुढे आली आणि तिने आजोबांना बूट काढायला सांगितले, कारण कार्पेट नवं होतं.

काका परत आले ते घर विकायलाच. सामान बांधताना मी मदत करत होते. मध्येच ते म्हणाले, "तुझ्या आजोबांबद्दल मी बोललो होतो, ते मागे घेतो." एवढंच. मी खोक्याला टेप लावत राहिले, डोळे भरून आल्याने ती तिरकी लागली.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. मी ट्रेनने ग्लासगोला गेले. अंत्यविधी आटोपून घरी आलो, मोठी माणसं स्वयंपाकघरात सँडविच हातात धरून उभी होती, कुणी खात नव्हतं. सात वर्षांची एल्सी छापून आलेला जाडजूड कुलवृत्तांत ओढत माझ्याकडे आली. तिला नेमकं पान ठाऊक होतं.

बाकी प्रत्येक शाखेच्या वर मूळपुरुषाचं नाव होतं. या पानावर सगळ्यात वर लिहिलं होतं, 'बयो. माहेरचे नाव माहीत नाही. प्लेगाच्या वर्षी एका पोरक्या मुलाला घरी आणले.' तिथून रेघ खाली उतरत काकांपर्यंत, रोहन-फियोनापर्यंत आणि मग एल्सीपर्यंत आली होती. तिच्या नावापुढे कुठलीही खूण नव्हती, तळटीप नव्हती.

एल्सीने वरच्या नावावर बोट ठेवलं आणि आजोबांनी शिकवलेल्या मराठीत मला समजावलं, "ही बयो. हिने आजोबाचा आजोबाला घरी आणला. मग आजोबाने मला आणला."

तिला घरी आणलं होतं ते तिच्या आईवडिलांनी. ती दोघं तिथेच, दाराशी उभी होती. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि कुणीच तिला दुरुस्त केलं नाही.