टेबल उचलायच्या आधी

कुंदामावशीबरोबर पळताना गप्प राहिलं की बोलणी बसायची. आरती म्हणत पळायचं, तेही मोठ्यानं, हा तिचा नियम. "आरती म्हणूक जमता, म्हणजे वेग बरोबर. अडाकलंस, म्हणजे उगाच शायनिंग मारतंस," असं ती मालवणीत बजावायची.

पहाटे शिवाजी पार्कला आम्ही पाच-सहा लालबागच्या बायका धापा टाकत, आरती म्हणत निघालो की फिरायला आलेले पेन्शनर बाजूला होऊन हात जोडायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी बँकेतली बाई, वय सेहेचाळीस, हे काय सोंग! मावशीला त्याचं काही नव्हतं.

ती आमच्या चाळीतली, गिरणी कामगाराची मुलगी. तिच्या तरुणपणी बाईनं मॅरेथॉन पळावी हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. लालबागहून वडाळ्यापर्यंत ती पळत जायची, तेव्हा लोक विचारायचे, पोरी, कोण मागं लागलंय का? हातात घड्याळ नव्हतं, म्हणून वेग मोजायला आरती. किती आरत्यांत वडाळा येतो ते तिला पाठ होतं.

पहिल्या मॅरेथॉनला ती एकटीच बाई. शेवटच्या रेषेवर पोचली तर मंडप उतरवलेला, वेळ लिहिणारे टेबल उचलून चालते झालेले. वेळ संपायला अवकाश होता, पण आता बाई कुठली येतेय, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. बेचाळीस किलोमीटर पळूनही कागदावर तिचं नाव नाही! ऐकताना माझं डोकं फिरायचं. ती मात्र खदखदून हसायची. "मगे पुढच्या वर्षी मी इतक्या लवकर पोचलंय, की तेंचा टेबल अजून मांडूक नाय हुता."

पुढे तिनं बक्षिसं आणली, खेळाडू म्हणून नोकरी मिळवली, परदेशातही पळून आली. साठीनंतर चाळीतल्या बायकांना घराबाहेर काढलं. त्यातलीच मी एक.

माझ्या पहिल्या मॅरेथॉनला ती सत्तरीत होती, गुडघे कामातून गेलेले. सकाळी एवढंच म्हणाली, "तोंड उघडा ठेव गो." मी ठेवलं नाही. ऑफिसातल्या पोरींसमोर आरती म्हणायची? लाजेनं ओठ मिटले आणि त्यांच्या नादानं सुसाट सुटले. व्हायचं तेच झालं. पस्तीस किलोमीटरला पायांत गोळे आले, पोरी दिसेनाशा झाल्या आणि मी पार शेवटी. नेमलेली वेळ संपत आली होती. ती हुकली असती तर माझंही नाव कुठे लागलं नसतं.

शेवटचं वळण घेतलं तर समोर चटई गुंडाळायला घेतलेली. बुटावरची चिप वाचून वेळ नोंदते ती हीच चटई, ती उचलली की खेळ खलास. पण ती अर्धीच गुंडाळली होती. उरलेल्या अर्ध्या चटईवर प्लास्टिकची खुर्ची टाकून कुंदामावशी बसली होती. भोवती चार स्वयंसेवक तिची मनधरणी करत होते. पाचच मिनिटं राहिलीत आजी, आता कोण येणार, असं चाललेलं.

"आमची एक बाई येवची आसा," मावशी म्हणाली. "तवसर मी उठूचंय नाय."

मग तिला मी दिसले. तिनं हाक मारली नाही. बसल्या जागी टाळ्या वाजवत आरती सुरू केली. मला रडू आणि हसू एकदमच आलं. भर रस्त्यात, बेसूर, जीव खाऊन मीही म्हणू लागले. श्वास ठिकाणावर आला, पाय उचलले. लाजबीज कुठल्या कुठे गेली.

दोन वर्षांपूर्वी मावशी गेली. आठवते ती त्या दिवसाचीच. मी चटई ओलांडली तेव्हा दोन मिनिटं शिल्लक होती. मावशी गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उठली आणि खुर्ची एका स्वयंसेवकाच्या हातात दिली.

"आता उचला तुमचा टेबल," ती म्हणाली.

तिथं टेबल कुठेच नव्हतं.