मोटेच्या टाक्यानं शिवलेलं पुस्तक

ती चौकशी आजही आठवते, कारण तीत मी जवळजवळ चुकलोच होतो.

सत्तरच्या दशकात मी जालन्याला फौजदार होतो. एका जुन्या जमीनदाराच्या घरी चोरी झाली. गेलेल्या मालात एक फारसी पुस्तक होतं. फिर्यादीत लिहिलेलं, 'तांबड्या चामड्याची बांधणी, हैदराबादेत केलेली.' पंधरा दिवसांनी खबऱ्या आला.

"साहेब, मस्तगडातल्या जिल्दसाजाकडं एक जण तसलंच पुस्तक घेऊन बसलाय. जल्दी चला."

जिल्दसाज म्हणजे पुस्तकं बांधणारा कारागीर. त्याच्या दुकानात कुंभार पिंपळगावचे एक शिक्षक फाटकी पानं चिकटवून घ्यायला आले होते. त्यांना पुस्तकासह ठाण्यात आणलं. पंच म्हणून जिल्दसाज आणि शेजारचा एक दुकानदार घेतला.

"फारसी येते का, मास्तर?"

"न्हाई साहेब."

"मग न येणारं पुस्तक घरात कशाला?"

"वाचायला न्हाई ठेवलं. माझ्या आज्यानं बांधलंय, त्याचा हात हाय त्यात. एका हकिमाचं होतं. गाव सोडताना हकीम आज्याला म्हणला, तू बांधलंस, तूच ठेव."

चोर नेहमी मेलेल्यांची साक्ष काढतात. शिवाय मी घरातला पहिला पदवीधर. पुस्तक कोणाच्या घरात शोभतं ते मला कळतं, असा माझा समज होता.

फिर्यादींना बोलावलं. त्यांनी दुरूनच बोट दाखवलं. "हेच. अहो, यांचा आजा आमच्या विहिरीच्या चामड्याच्या मोटी शिवायचा. अन् हे घरात फारसी ठेवतेत!"

हवालदार हसला. मीही हसलो, कबूल करतो.

मी अटकेचे कागद पुढे ओढले. मास्तरांनी कागदांवर हात ठेवला. "दोन दिवस कोठडीत राह्यलो की नोकरी गेली, साहेब. आमच्या खानदानातली पहिली नोकरी हाय. एकच करा. जिल्दीच्या आत काय हाय ते आमा दोघांना इचारा, मला अन् फिर्यादींना. मंग उसवून बघा."

माणसांची ओळख परेड घेतो, तर मालाची का नको? दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं.

फिर्यादी म्हणाले, "आत काय असणार? पुठ्ठा."

मास्तर म्हणाले, "पुठ्ठा बिलकुल न्हाई. आज्याला जिल्द येत नव्हती, मोट येत होती. आत दुसरं चामडंच हाय. दोन सुयांनी, दोन्हीकडून शिवलेलं."

जिल्दसाजानं पंचनाम्यात कड उसवली. आत चामडंच. मेण लावलेला दोरा दोन्ही बाजूंनी आलेला. म्हातारा जिल्दसाज हसायलाच लागला. "फौजदारसाब, ही जिल्द न्हाई, मोट हाय मोट! पाणी भरलं तरी गळायची न्हाई."

फिर्यादी टोपी सारखी करत म्हणाले, "मंग आमचं दुसरं असंल." दुसरंच होतं. महिन्याभरानं ते त्यांच्याच मेहुण्याच्या ट्रंकेत सापडलं. आत पुठ्ठा होता.

जिल्दसाज कड शिवून द्यायला निघाला, तर मास्तर म्हणाले, "राहू द्या, चाचा." त्यांनी दोन सुया मागून घेतल्या आणि ठाण्याच्या बाकावर बसून स्वतः शिवलं. दोरा जुन्या भोकांतून बराबर जात होता. मी माफी मागितली नाही, वर्दीत तेवढं जमलं नाही. चहा मात्र मागवला.

माझे वडील निरक्षर होते. माझ्या पदवीचा कागद त्यांनी धोतराच्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला होता, आईलाही हात लावू देत नसत. एखाद्या फौजदारानं त्यांना दरडावलं असतं, 'न येणारा कागद घरात कशाला?', तर ते काय सांगणार होते? त्या दिवसापासून संशयिताला पहिला प्रश्न टाकण्याआधी मी तो मनातल्या मनात वडिलांना विचारून बघायचो.