परसातली चांदमारी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर असं की दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही वही मी माझ्यापुरती लिहिते आहे, तरी कुणाच्या हाती पडलीच तर त्याने ऱ्हस्वदीर्घाकडे काणाडोळा करावा. माफी आधीच मागून ठेवते.

अमेरिकेत बॉथेल गावातल्या आमच्या घरामागे चांदमारी होती, म्हणजे बंदुकीने नेम मारायची जागा. ती कशी उभी राहिली ते आठवेल तसं लिहिते.

आमचे हे, म्हणजे माझे यजमान, लेथवर काम करणारे टर्नर होते. थोरले दीर डॉक्टर. ते आधी अमेरिकेत आले, बेलव्ह्यूला घर केलं आणि मग यांना बोलावून घेतलं. दिरांना आम्ही दोघंही दादाच म्हणायचो. यांना एका मशीन शॉपमध्ये काम लागलं आणि ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमारास आम्ही गावाची हद्द संपते तिथे एक जुनं घर घेतलं. जागा अरुंद, पण मागे लांबच लांब, आणि शेवटी मातीचा उंच बांध. घर घेताना सुरुवातीला भरायचे पैसे दादांनी दिले. उसने म्हणून दिले, पण कधी मागितले नव्हते.

पुढच्या वर्षी शॉपमधलं काम आटलं आणि यांना घरी बसवलं. हे खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहायचे. जेवायला हाक मारली की उठायचे, जेवले की पुन्हा तिथेच. मी ताट वाढायची आणि उचलायची.

एके दिवशी हे कुणाच्या तरी गॅरेज सेलमधून एक मोडकी छर्र्याची बंदूक घेऊन आले. मागच्या पायरीवर बसून ती खोलली. सासरे आमच्याकडच्या जत्रांतून फुगे फोडायचा फळा लावायचे. त्या बंदुकांच्या स्प्रिंगा बदलायच्या, चामड्याचे वॉशर कापायचे, हे यांचं लहानपणीचं काम. दादा तेव्हा शिकायला मामांकडे होते. संध्याकाळपर्यंत बंदूक चालायला लागली. त्या दिवशी जेवायला दोनदा हाक मारावी लागली, पण ती खुर्चीतून उठवायला नव्हे.

शेजारी एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ राहायचे. ते कुंपणावरून बघत होते. त्यांच्याकडे पॉइंट बावीसच्या दोन रायफली होत्या. पूर्वी ते एका जुन्या खडीच्या खाणीत नेम मारायला जायचे, ती खाण बंद झाली होती. आठवड्याभरात दोघं टेप घेऊन परस मोजू लागले. कौंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, ऑफिसात विचारून आले. तिथे सांगितलं, गावाच्या हद्दीबाहेर आहात तर चालेल, पण गोळी तुमच्या जागेबाहेर जाता कामा नये आणि शेजाऱ्यांची तक्रार येता कामा नये.

दुसऱ्या बाजूचं घर एका नर्सबाईंचं होतं. त्या रात्रपाळी करून सकाळी झोपायच्या. त्यामुळे सगळा घोर आवाजाचा होता.

बांधापुढे यांनी मातीची पोती रचली. पोत्यांपुढे लोखंडी पेटी, आत जाड पत्रा तिरका बसवलेला, म्हणजे गोळी आदळली की खालच्या वाळूत जाईल. या टोकाला गवत कापायचं मशीन ठेवायची शेड होती, ती रिकामी करून आत टेबल टाकलं. नेम शेडमध्ये बसून खिडकीतून धरायचा. काडतुसं कमी दारूची आणली. यांनी एक नियम घातला. आत कुणी नेम धरला असेल तर शेडच्या बाहेर लाल कापड लावायचं, आणि ते दिसलं की कुणीही परसात पाऊल टाकायचं नाही. कापड माझ्या जुन्या ब्लाउजचं होतं.

तरी दोन आवाज उरले. शेडमधला फट् आणि पेटीतला टण्. टण् वाईट होता. मला गोधडी शिवता येते, म्हणून मी जुन्या साड्यांची चांगली जाड गोधडी करून पेटीपुढे पडद्यासारखी लावली. दोन दिवस बरं चाललं. मग पाऊस पिऊन ती इतकी जड झाली की खिळ्यांसकट खाली आली, आणि तिला कुबट वास मारायला लागला.

म्हातारे म्हणाले, "तुमच्या देशात पाऊस पडत नाही वाटतं?"

"पडतो ना," हे म्हणाले. "पण थांबतो."

शेवटी यांनी भंगारातून कारखान्यातला रबरी पट्टा आणला, त्याच्या पट्ट्या कापून पेटीपुढे टांगल्या. गोळी रबरातून आत जायची आणि आवाज आतच राहायचा. मी आणखी गोधड्या शिवल्या, त्या शेडच्या आत भिंतींना ठोकल्या. तिथे त्या कोरड्या राहिल्या आणि फट् सुद्धा दबला.

आता नर्सबाईंच्या घरात बसून कुणीतरी ऐकायला हवं होतं.

"तूच जा," हे म्हणाले.

"मला इंग्रजी बोलता येत नाही."

"ऐकायचंच तर आहे. बोलायला कोण सांगतंय!"

मी वाटीभर शिरा घेऊन गेले. दुपार होती, बाई नुकत्याच उठल्या होत्या. घरी पाठ केलेलं मी दारातच म्हणून टाकलं, "हसबंड, स्मॉल गन. यू लिसन, प्लीज." त्या हसल्या, मला स्वयंपाकघरात बसवलं आणि कॉफी दिली. आम्ही दोघी कॉफी पीत बसलो. फ्रिजची घरघर ऐकू येत होती. टेबलाखाली त्यांचा कुत्रा झोपला होता. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "ते सुरू कधी करणार?"

मी त्यांना खिडकीशी नेलं आणि शेडवरचं लाल कापड दाखवलं. "नाऊ," म्हटलं.

त्यांनी कान दिला. "हे? मला वाटलं कुणी गालिचा झटकतंय." मग टेबलाखाली बोट दाखवून म्हणाल्या, "हा याच्यापेक्षा मोठ्याने घोरतो."

तेव्हापासून हे सकाळी हाक मारायच्या आधी उठायला लागले. म्हातारे रोज यायचे. दोघं पत्रा बदलायचे, पट्टे बदलायचे, वाळू चाळून शिसं काढायचे. नेम धरण्यापेक्षा ही कामंच जास्त चालायची. मी एकदाच मारून पाहिलं. मधोमध लागलं. पुन्हा मारावंसं वाटलं नाही.

मग एका रविवारी दादा आणि जाऊबाई आले. दादा परसात गेले आणि तिथेच थांबले.

"हे काय मांडलंयस?"

"चांदमारी."

"बाबांचा फळा मांडलाय म्हण ना. फुगे कुठायत?"

"फुग्यांचा आवाज होतो."

जाऊबाईंना हसू आलं, पण दादांकडे बघून त्यांनी ते गिळलं.

"हातात जॉब नाही आणि बंदुका घेऊन बसलास," दादा म्हणाले. "मी इथे प्रॅक्टिस करतो. उद्या पेशंटच्या कानावर गेलं, डॉक्टरांचा भाऊ घरामागे गोळ्या झाडतो, मग? कॅन्सल कर हे सगळं."

"नाही करत."

"मग माझे पैसे दे आणि काय हवं ते मांड."

"देतो."

"कुठून?"

हे खाली बसून वाळू चाळायला लागले.

जाऊबाई स्वयंपाकघरात माझ्यामागे आल्या. "अगं, तू तरी समजाव भाऊजींना. घर जाईल अशाने."

मी पोळ्या लाटत होते. घर जाईल ही भीती मलाही होती. चांदमारी काढून टाकली तर दादा गप्प बसतील, हे समजत होतं. पण मग हे पुन्हा खुर्चीत जाऊन बसतील, हेही समजत होतं.

"मी नाही सांगणार," म्हटलं.

जेवण झालं. जाताना जाऊबाई पोळ्या चांगल्या झाल्या होत्या म्हणाल्या. त्या दिवाळीला आम्हाला बेलव्ह्यूचं बोलावणं आलं नाही.

पैशाचं पुढे असं झालं. म्हाताऱ्यांचे एक मित्र नेम मारायला आले. दोनचार गोळ्या मारून ते उठले, पेटीपाशी गेले, रबराच्या पट्ट्या हाताने बाजूला करून आत बघितलं आणि कुणी बनवली ते विचारलं. त्यांना आपल्या तळघरात तशीच हवी होती. यांनी गॅरेजमध्ये करून दिली. त्यांची पाहून आणखी एकाने मागितली. पुढे एका रायफल क्लबने आपल्या हॉलसाठी ओळीने पेट्या करून घेतल्या. कापणं, वेल्डिंग यांचं. रबराच्या पट्ट्या आणि बाजूचे कॅनव्हासचे पडदे माझे. कॅनव्हास शिवताना मशीनच्या सुया फार मोडायच्या.

पेट्यांचे पैसे घरात वापरायचे नाहीत, असं यांनी ठरवलं. दर महिन्याला जमेल तेवढ्याचा चेक दादांना पोस्टाने जायचा. दादा तो बँकेत भरायचे, पण फोन करायचे नाहीत. मध्ये यांना दुसऱ्या शॉपमध्ये काम मिळालं, तरी शनिवार-रविवार पेट्या चालू राहिल्या. पुढच्या दिवाळीला बोलावणं आलं. आम्ही गेलो, फराळ केला. पैशांचा विषय कुणी काढला नाही.

शेवटचा चेक पोस्टाने न पाठवता आम्ही स्वतः बेलव्ह्यूला घेऊन गेलो. वर्ष बहुतेक सत्याऐंशी असेल. जाऊबाईंनी चहा आणला. यांनी चेक टेबलावर ठेवला.

दादांनी तो उचलून वाचला. "हा शेवटचा ना? राहू दे हा."

"नको, दादा."

"अजून रागावलायस?"

"नाही. पैसे तूच मागितले होतेस ना."

दादा चेक हातात धरून बसले. जाऊबाई म्हणाल्या, "अहो, घ्या ना आता. त्यांचा चहा गार होतोय."

दादांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "आवाज येत नाही म्हणे तुझ्या पेटीचा."

"येतो थोडा."

"किती?"

"ये की एकदा ऐकायला."

दादांनी चेकची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. आमचं त्यांना काही देणं उरलं नाही.